आपोआप काहीच घडत नाही

"संगणक आपोआप बंद पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो." ही तक्रार आज इतक्या घरांतून ऐकू येते की तिच्यातल्या शब्दांकडे कोणाचे लक्षही जात नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र तिच्यातला 'आपोआप' हा शब्द खटकल्यावाचून राहत नाही. आमच्या शास्त्रात आपोआप असे काही नसते. रोकड कमी भरली तर कोठेतरी एखादी नोंद राहिलेली असते, दोनदा झालेली असते किंवा भलत्याच खात्यावर गेलेली असते. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळ्या वह्या जाळून नव्या घालीत नाही. फरकाची रक्कम तात्पुरती उचंत खात्यावर टाकायची आणि किर्दीपासून खतावणीपर्यंत एकेक नोंद तपासत जायचे, ही आमची रीत. संगणकाच्या बाबतीत मात्र चांगली शिकलेली माणसेसुद्धा पहिल्याच दिवशी वह्या जाळायला निघतात. या जाळण्याला बाजारात 'फॉरमॅट मारणे' असे नाव आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. वारंवार रीस्टार्ट होणाऱ्या संगणकाचा दोष शोधणे हे काम निम्मे कारागिराचे आणि निम्मे घराचे आहे. घराचा वाटा म्हणजे नोंद ठेवणे. तो वाटा घराने उचलला नाही, तर चांगला कारागीरही अंदाजाने औषध देतो; आणि त्या औषधाची किंमत पुष्कळदा अशा माणसांना मोजावी लागते, ज्यांनी त्या संगणकाला कधी हातही लावलेला नसतो.

ही किंमत कशी असते हे दाखविण्यासाठी सुरतेतील नवागामचे उदाहरण घेतो. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम हा सुरतेचा भाग म्हणजे खानदेशाचाच एक विस्तार आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कामासाठी आलेली हजारो कुटुंबे येथे राहतात. गल्लीत अहिराणी ऐकू येते आणि सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. पुरुषमंडळी लूमवर, डाइंग मिलमध्ये किंवा कापड बाजारात जातात. बायका घरी बसून साड्यांचे जॉबवर्क करतात: लेस लावणे, टिक्क्या आणि डायमंड चिकटविणे, धागे कापणे. मजुरी नगावर मिळते. आमच्या घरी माझी आई आणि शेजारच्या चारपाच जणी मिळून हे काम घेतात. कोणी किती साड्या नेल्या, किती परत केल्या, शेठकडे किती पोचल्या, हा सगळा हिशेब दिवसा चिठ्ठ्यांवर आणि रात्री संगणकावर, अशी आमच्याकडची पद्धत होती. संगणकावर चढविला की चिठ्ठी फाडून टाकली जाई.

हा संगणक मधूनच रीस्टार्ट होऊ लागला. बोलाविलेल्या मेकॅनिकने पाच मिनिटे पाहून सांगितले, "व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल." आत काय आहे हे त्याने विचारले नाही, काही उतरवूनही घेतले नाही. संध्याकाळी संगणक स्वच्छ होऊन परत आला. तीन आठवड्यांचा हिशेबही त्याबरोबर स्वच्छ झाला होता. महिनाअखेर बायकांच्या आठवणीत आणि शेठच्या वहीत १४० साड्यांचा फरक निघाला. शेठ वाईट माणूस नव्हता. पण त्याच्याकडे वही होती आणि यांच्याकडे फक्त आठवण होती. अशा वेळी वही जिंकते. १४० साड्यांची मजुरी पाच घरांत वाटून गेली, म्हणजे पाच घरांतून वजा झाली. आणि गंमत अशी की चौथ्या दिवशी संगणक पुन्हा रीस्टार्ट झाला. ज्या व्हायरससाठी एवढे केले, तो तेथे नव्हताच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार.

येथे कोणा एका मेकॅनिकला दोष देऊन भागणार नाही. त्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. मधूनच होणारा बिघाड हा डॉक्टरकडे गेल्यावर थांबणाऱ्या खोकल्यासारखा असतो. दुकानात नेल्यावर तोच संगणक दिवसभर नीट चालतो. याचे कारण अनेकदा साधे असते: दुकानात आपल्या घरची वीज नसते, आपल्या घरची मोटार नसते, आपल्या घरची धूळ आणि उकाडा नसतो. मेकॅनिकजवळ एक तास असतो आणि बिघाड दिवसातून एकदा होतो. त्या बिघाडाचा साक्षीदार फक्त घरातला माणूस असतो. आणि तो साक्षीदार "आपोआप होते" एवढीच साक्ष देऊन मोकळा होतो. अशा साक्षीवर कोणता न्याय व्हायचा? चोर सोडून संन्याशालाच फाशी होणार.

संगणक रीस्टार्ट का होतो, याची कारणे अगणित नाहीत. ती पाचसहा खात्यांत बसतात. पहिले खाते विजेचे. भिंतीतून २३० व्होल्टची वीज येते; एस.एम.पी.एस. नावाची पेटी तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून मदरबोर्डला पुरविते. हे आकडे साधारण पाच टक्क्यांहून अधिक हलून चालत नाहीत. हलले, तर एस.एम.पी.एस.कडून 'वीज ठीक आहे' अशी जी खूण मदरबोर्डला मिळत असते ती तुटते आणि मदरबोर्ड सारे सोडून पहिल्यापासून सुरुवात करितो. भिंतीतली वीज क्षणभर खचली तर तेवढा वेळ धकवून नेण्यासाठी पेटीत कपॅसिटर असतात. चांगल्या स्थितीत ते सेकंदाचा साधारण साठावा भाग सांभाळतात. कपॅसिटर जुने झाले की त्यांची ही ताकद घटते. म्हणून घरात ट्यूबलाइट नुसती लुकलुकते, पंख्याला काही कळतही नाही आणि संगणक मात्र रीस्टार्ट होतो. लॅपटॉपला हा त्रास फारसा होत नाही, कारण त्याच्या पोटात बॅटरी असते.

दुसरे खाते उष्णतेचे. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या फटी धुळीने बुजल्या, खालची थर्मल पेस्ट वाळली, की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी बंद होतो. सुरतेसारख्या गावात, जेथे हवेत कापडाचे बारीक तंतू तरंगत असतात, तेथे हे खाते लवकर भरते. तिसरे खाते रॅमचे: पट्टी ढिली बसलेली असेल, तिच्या सोनेरी दातांवर मळ असेल किंवा तीच खराब असेल. चौथे खाते सॉफ्टवेअरचे: एखादा सदोष ड्रायव्हर, अर्धवट झालेले अपडेट, क्वचित खरोखरीचा व्हायरस. पाचवे खाते इतके साधे की ते कोणाच्या लक्षातही येत नाही: डब्यावरचे रीस्टार्टचे बटणच अडकलेले असते. आणि सहावे खाते म्हणजे मदरबोर्ड किंवा प्रोसेसर यांचाच दोष; ते सर्वांत खर्चिक, म्हणून सर्वांत शेवटी उघडायचे.

नोंद न पाहता खाते ठरविले की मोठीमोठी माणसेही कशी फसतात, याला जगात उदाहरणे आहेत. ऑगस्ट २००३ मध्ये जगभरचे विंडोज एक्सपीचे संगणक साठ सेकंदांची सूचना देऊन एकामागून एक रीस्टार्ट होऊ लागले. यंत्रे बिघडली, असे अनेकांना वाटले. कारण होते ब्लास्टर नावाचा, जाळ्यातून पसरणारा एक प्रोग्राम. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने जुलैतच प्रसिद्ध केलेला होता. तो ज्यांनी बसविला होता ते वाचले. म्हणजे तेथे दोष सॉफ्टवेअरचा होता आणि संशय यंत्रावर गेला. २०२४ मध्ये याच्या उलट झाले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ आणि इतर प्रोग्राम मधूनच कोसळत. पुष्कळ महिने लोक खेळांना आणि ग्राफिक्सच्या ड्रायव्हरना दोष देत राहिले. शेवटी प्रोसेसरला गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळत होते, हे कंपनीने त्याच वर्षी मान्य केले, सुधारणा दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. येथे दोष यंत्राचा होता आणि संशय सॉफ्टवेअरवर गेला.

तिसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या आठवणीतले आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. त्यावरचा उपाय काय होता? संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून एक सदोष फाइल काढून टाकणे. फक्त एक फाइल. कारण ठाऊक होते, म्हणून सारे पुसण्याची गरज पडली नाही. निदान आणि अंदाज यांतला फरक याहून स्पष्ट कोणी दाखवायचा?

आता घराने करावयाची नोंद कशी असावी ते सांगतो. तिच्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. चार रकाने पुरतात. तारीख आणि वेळ. त्या वेळी संगणकावर काय चालले होते. त्या वेळी घरात काय चालू किंवा बंद झाले, म्हणजे मोटार, मिक्सर, इस्त्री, फ्रिज. आणि बंद पडण्याची रीत कशी होती. हा चौथा रकाना महत्त्वाचा. संगणक बंद पडून बंदच राहिला, थोड्या वेळाने सुरू झाला, तर उष्णतेकडे पाहावे. क्षणात काळोख होऊन लगेच सुरू झाला, तर विजेकडे पाहावे. निळा पडदा दिसून गेला, तर रॅम किंवा ड्रायव्हर. सूचना देऊन सावकाश रीस्टार्ट झाला, तर बहुधा अपडेटच. त्यासाठी वेळ नेमून देता येते, दुरुस्ती लागत नाही. या खुणा म्हणजे निकाल नव्हे, पण कोणते खाते आधी उघडायचे हे त्या सांगतात.

संगणक स्वतःही एक रोजकीर्द ठेवीत असतो. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाचा भाग आहे. त्यात प्रत्येक घटनेची वेळ नोंदलेली असते. अचानक बंद पडल्यावर तेथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसते. ती पाहून लोक घाबरतात किंवा "सापडला दोष" म्हणून आनंदतात, दोन्ही व्यर्थ. ती नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. मृत्यूची तारीख आहे, कारण नाही. तिच्या तपशिलात बिघाडाचा अंक शून्य असेल आणि आधी दुसरी काही तक्रार नसेल, तर विजेचा किंवा अन्य यंत्रभागाचा संशय बळावतो, कारण विंडोजला काही लिहायला वेळच मिळालेला नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे विंडोज मुळातच अशी लावलेली असते की निळा पडदा आला की ती लगेच रीस्टार्ट होते. ही 'ऑटोमॅटिक रीस्टार्ट'ची खूण काढून टाकली की पडदा तसाच थांबतो आणि त्यावरचा मजकूर उतरवून घेता येतो. साक्षीदार बोलत असताना आपणच त्याचे तोंड बंद करून ठेवावे, असा हा प्रकार कित्येक संगणकांवर चालू असतो.

नवागामला पुढे काय झाले ते आता सांगतो. दुसऱ्यांदा मेकॅनिकने फॉरमॅटचे नाव काढताच आईने नकार दिला. १४० साड्यांनी तिला नोंदीची किंमत शिकविली होती. "आधी हे केव्हा होते ते बघू," असे म्हणून तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाचे खाडे लिहितात तेथेच, संगणकाचेही खाडे लिहायला सुरुवात केली. वेळ आणि एकदोन शब्द. पंधरा दिवसांत १९ नोंदी झाल्या. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्या वेगळ्या कागदावर खात्यांप्रमाणे मांडल्या. ११ वेळा संगणक पाण्याची मोटार सुरू होताक्षणी रीस्टार्ट झाला होता. ६ वेळा धाकटा भाऊ खेळ खेळत होता. उरलेल्या २ नोंदी कशातच बसेनात. त्या मी उचंत खात्यावर ठेवल्या. 'आपोआप' हा शब्द मात्र कोठेच उरला नाही.

या कागदावरून घरात लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे मोटार दोषी, दुसरा म्हणे खेळ दोषी. पण दोन लक्षणे दिसली म्हणजे दोष दोन असतीलच असे नाही. म्हणून स्वस्तातले आणि सहज उलटविता येईल असे काम आधी, आणि एका वेळी एकच काम, हा नियम धरून तपासणी केली. प्रथम सारा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. मग रीस्टार्टच्या बटणाची तार मदरबोर्डवरून काढून ठेवली. दोन दिवस गेले, त्रास तसाच. मग वीज पूर्ण तोडून डबा झाडला, पंखा साफ केला, त्रास तसाच. मग रॅमच्या पट्ट्यांचे दात खोडरबराने हलकेच घासून पुसून त्या पुन्हा बसविल्या आणि विंडोजमधलीच मेमरी तपासणी रात्रभर लावून ठेवली. दोष निघाला नाही, त्रास तसाच. मग शेजाऱ्यांकडे पडून असलेला चांगल्या स्थितीतला एस.एम.पी.एस. मागून आणून लावला. दहा दिवस एकही खाडा नाही; मोटारही चालू होती आणि भावाचा खेळही चालू होता.

येथे बहुतेक जण थांबतात. थांबू नये. दहा दिवस त्रास झाला नाही, हा योगायोगही असू शकतो. म्हणून जुना एस.एम.पी.एस. पुन्हा लावला. त्याच संध्याकाळी मोटार सुरू झाली आणि संगणक रीस्टार्ट झाला. आता मात्र शंका उरली नाही. मोटार सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि क्षणभर व्होल्टेज खचते. खेळ चालू असताना संगणक स्वतःच अधिक वीज मागतो. धडधाकट एस.एम.पी.एस. हे दोन्ही सहन करितो, थकलेला एकही सहन करीत नाही. लक्षणे दोन, दोष एक. नवा एस.एम.पी.एस. आणला, त्याचा खर्च नव्या संगणकाच्या किमतीचा एक लहानसा अंश होता. उचंत खात्यावरच्या त्या दोन नोंदींचे कारण मला आजही नक्की सांगता येणार नाही; पण तसा खाडा पुन्हा पडलेला नाही.

या सगळ्यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की श्रमविभागणीच्या युगात हिशेबनिसाने मेकॅनिक का व्हावे? मीही तसे म्हणत नाही. एस.एम.पी.एस.ची पेटी घरी कोणीही उघडू नये, हे येथे निक्षून सांगतो. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल एवढा विद्युत्भार काही काळ राहू शकतो. उघडणे, जोडणे, बदलणे हे कारागिराचे काम आहे आणि त्याचा त्याला मोबदला मिळाला पाहिजे. पण रोग्याने आपल्या तापाची वेळ सांगणे म्हणजे वैद्यकी करणे नव्हे. पंधरा दिवसांची नोंद हातात घेऊन गेलेले गिऱ्हाईक कारागिराचा वेळ वाचविते आणि प्रामाणिक कारागिराला बळ देते. अप्रामाणिक कारागिराला तेवढे गिऱ्हाईक नको असते, ही गोष्ट वेगळी.

दुसरा आक्षेप असा की एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा संगणक घ्यावा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून हा सल्ला फारच सुलभ झाला आहे. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावा. पण दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असला, तर नवा संगणक तोच वारसा घेऊन नांदू लागेल. शिवाय एका पेटीपायी सबंध यंत्र भंगारात घालणे हे देशालाही परवडणारे नाही. केंद्र सरकारने ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू केले आहेत आणि ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमून पुढे त्याचे पोर्टलही सुरू केले. हक्क कागदावर आला, हे चांगलेच झाले. पण बिघाड काय आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला दुरुस्तीचा हक्क काय कामाचा?

तिसरी अडचण मात्र खरी आहे आणि ती भाषेची आहे. विंडोजचे तोंडवळे मराठीत करून घेता येते, कन्नडात करून घेता येते, गुजरातीतही करून घेता येते. परंतु निळ्या पडद्यावरचा बिघाडाचा संकेत इंग्रजीतच उमटतो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तो वाचण्याआधीच कचरतो. इंग्रजी दिसले की चूक आपलीच असणार, अशी आपल्याला सवय लागलेली आहे. आणि ज्या घरात हिशेब आईच्या भाषेत चालतो, त्या घरात त्या हिशेबाच्या यंत्राची तब्येत परक्या भाषेत कळते. तथापि येथेही घाबरण्याचे कारण नाही. तो मजकूर समजला पाहिजे असे नाही. तो जसाच्या तसा उतरविता आला पाहिजे. औषधाच्या बाटलीवरचे नाव आपण असेच उतरवून घेतो. आणि चार रकान्यांची वही तर कोणत्याही भाषेत चालते. आईची नोंद अर्धी मराठीत आणि अर्धी अहिराणीत होती. मोटार सुरू झाली हे तिच्यातून व्यवस्थित कळले.

आपल्या अभ्यासक्रमाकडेही या निमित्ताने पाहावेसे वाटते. वाणिज्य शाखेत आम्ही संगणकावर हिशेब कसा लिहावा हे शिकतो, टॅली शिकतो, एक्सेल शिकतो. हिशेब लिहिता लिहिता यंत्र बंद पडले तर काय करावे, आणि पडण्यापूर्वी काय करून ठेवावे, हे कोणी शिकवीत नाही. दर आठवड्याला प्रत उतरवून दुसरीकडे ठेवणे हा वास्तविक लेखापालनाचाच भाग मानला पाहिजे. जुने मुनीम वही पेटीत ठेवून कुलूप लावीत, ते काही कुलपाच्या हौसेने नव्हे. लेखापरीक्षणाच्या पुस्तकात आम्ही पुराव्याचे महत्त्व वाचतो. घरातल्या बिघाडालाही तीच कसोटी लावावी, हे आम्हांला सुचत नाही, कारण पुस्तक आणि घर यांच्यामध्ये परीक्षा उभी असते.

म्हणून माझी प्राध्यापकांना आणि विद्यार्थिमित्रांना एक लहानशी सूचना आहे. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतून निकामी ठरविलेले एखादे जुने यंत्र भंगारात न देता एका टेबलावर ठेवावे. आठवड्यातून एक तास, ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याला रॅम काढून बसविणे, धूळ झाडणे, इव्हेंट व्ह्यूअर वाचणे, प्रत उतरविणे एवढेच दाखवावे. शाखेचे बंधन नको. त्या टेबलावर चार रकान्यांचा एक छापील कागद ठेवावा, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नडात, म्हणजे कोणालाही तो घरी नेता येईल आणि घरातल्या कोणालाही तो भरता येईल. त्याच कागदावर खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ असावी: 'प्रत उतरवून घेतल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नये.' खर्च कागदाचा. लाभ मात्र त्या घरांना होईल, ज्यांची मजुरी, ज्यांची उधारी, ज्यांच्या मुलांचा अभ्यास त्या एका यंत्रात साठविलेला आहे आणि ज्यांना दुसरे यंत्र आणणे शक्य नाही.

हा कागद भरायला यंत्र उघडावे लागत नाही. तारीख आणि वेळ लिहिता आली की पहिला रकाना पुरा होतो.